ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा बचत गट मोडून पैशांचे वाटप करावे का?

गटाची सचिव (बीड जिल्हा)

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावातील महिला बचत गटाची मी सचिव आहे. जून 2019 मध्ये बारा जणींनी मिळून आम्ही गट सुरू केला. पहिली दोन वर्षे दरमहा शंभर रुपये आणि नंतरची चार वर्षे दरमहा दोनशे रुपये अशी बचत आम्ही केली. करोनाच्या काळात आणि दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात ती मागेपुढे झाली, पण एकीचाही महिना कायमचा बुडाला नाही. जून 2025 अखेर बचतीचे 1,44,000 रुपये, अंतर्गत कर्जावरील व्याजातून खर्च वजा जाता साठलेले 46,000 रुपये आणि ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून मिळालेला 15,000 रुपयांचा फिरता निधी मिळून गटाचे स्वतःचे 2,05,000 रुपये झाले. बँकेचे दीड लाखाचे पहिले कर्ज आम्ही पूर्ण फेडले असून तीन लाखांच्या दुसऱ्या कर्जातले 1,12,000 रुपये बाकी आहेत. दुसरे कर्ज देताना शाखेने आमच्या बचतीतले 30,000 रुपये मुदत ठेवीत घालायला लावले आणि कर्ज फिटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असे सांगितले.

बारापैकी सात जणी नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे गाळप संपले की, साधारण गुढीपाडव्याच्या मागेपुढे त्या परत येतात. ते पाच-सहा महिने बैठकीच्या सतरंजीवर आम्ही पाचच जणी असतो, आणि गणपूर्ती नसल्याने कोणताही ठराव होत नाही.

खरी अडचण दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. गावात मायक्रोफायनान्स, म्हणजे लहान कर्जे देणाऱ्या, कंपन्यांचे लोक येऊ लागले आणि आमच्यातल्या चार जणींनी त्यांच्याकडून कर्जे उचलली. एकीने मुलीच्या लग्नासाठी, एकीने गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी, आणि दोघींनी आधीच्या कंपनीचे हप्ते भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेतले. एका सभासदाने गटातून शेळ्यांसाठी म्हणून 20,000 रुपये घेतले आणि त्यातले निम्म्याहून अधिक कंपनीच्या हप्त्यात भरले, हे मला नंतर समजले. गेल्या हंगामात यांतल्या तिघी बाहेरगावी असताना वसुलीचा माणूस त्यांच्या कंपनीच्या गटातल्या चौथीच्या ओसरीवर रात्री साडेआठपर्यंत बसून राहिला आणि “त्यांचे हप्ते तुम्हीच भरायचे, त्याशिवाय मी उठणार नाही” असे म्हणत राहिला. तिच्या सासऱ्यांनी शेवटी शेजाऱ्याकडून हातउसने पैसे घेऊन त्याला वाटेला लावले.

आता दोन सभासद म्हणतात की सहा वर्षे पुष्कळ झाली, गट मोडावा आणि पैशांचे वाटप करावे. त्यांतल्या एकीकडे गटाचे काहीच येणे नाही, तर दुसरीकडे 26,000 रुपये येणे आहे आणि तिच्यावर कंपन्यांची कर्जेही आहेत. तिचा एक प्रश्न असा आहे की, “गट महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, कंपनीही चोवीसच घेते, मग गटाचा उपयोग काय?” या प्रश्नाला मला बैठकीत नीट उत्तर देता आले नाही.

वाटप करावे की नाही, हंगामात बैठकांचे काय करावे, कंपनीचे कर्ज असलेल्या सभासदाला गटाने नवे कर्ज द्यावे का, आणि वसुलीसाठी असे घरात बसून राहणे नियमात बसते का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शाखेतला जुना माणूस

ताई, आपण आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण वाटपाचा वाद आकड्यांनीच मिटतो. मी तीस वर्षे ग्रामीण शाखांमध्ये काढली आणि मोडलेले गट बरेच पाहिले. वाटपाची मागणी करणाऱ्या बहुतेक भगिनींची अशी समजूत असते की दोन लाख रुपये कोठेतरी एका ठिकाणी पडून आहेत. प्रत्यक्षात ते पैसे सभासदांच्याच घरांत असतात, आणि वाटप करायचे म्हणजे आधी प्रत्येकीकडून पूर्ण वसुली करावी लागते.

आपल्या गटाचेच गणित मांडू. फिरता निधी गटाच्या निधीत कायम राहण्यासाठी दिलेला असतो, सभासदांनी वाटून घेण्यासाठी नव्हे; म्हणून तो बाजूला ठेवावा. उरलेल्या 1,90,000 रुपयांना बाराने भागले तर प्रत्येकीच्या वाट्याला 15,833 रुपये येतात. जिच्याकडे येणे नाही तिला तेवढे मिळतील. जिच्याकडे 26,000 रुपये येणे आहे तिला मात्र काही मिळणार नाही, उलट 10,167 रुपये तिलाच भरावे लागतील. गटाचे हे कर्ज ती आज सवडीने फेडते आहे. गट मोडला तर ही रक्कम एकरकमी आणावी लागेल आणि ती कोठून आणली जाईल हे मी सांगायला नको. तिला हे कोणी कागदावर मांडून दाखवले आहे का? शिवाय बँकेचे 1,12,000 रुपये फिटल्याखेरीज वाटपाचा ठराव शाखा मान्य करणार नाही आणि करूही नये, कारण ते कर्ज बाराही जणींच्या नावाने आहे.

ठेवीबद्दल स्पष्ट लिहितो. बचत गटांच्या दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण घेऊ नये, गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवू नये आणि कर्ज मंजूर करताना ठेव ठेवण्याचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. आपल्या गटाचे 30,000 रुपये अडकवणे या निर्देशांच्या विरुद्ध आहे. भांडायला जाऊ नका. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि ‘उमेद’च्या तालुका कक्षाला त्याची प्रत द्या. शाखाधिकाऱ्याला हे निर्देश माहीत असतात, पण थकबाकीच्या भीतीपोटी तो स्वतःच्या समाधानासाठी असे करतो. मीही नोकरीच्या सुरुवातीला एकदा केले आहे, हे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गटाच्या मुदत कर्जाचा हप्ता दरमहाच असला पाहिजे असे नाही. मासिक किंवा त्रैमासिक, अशी दोन्ही प्रकारची परतफेड बचत गटांच्या कर्जयोजनेत बसते. ऊसतोडीच्या गावाला मासिक हप्ता बांधून देणे म्हणजे थकबाकी ठरवून निर्माण करण्यासारखे आहे. पुढचे कर्ज घेताना, किंवा शाखा तयार असेल तर याच कर्जाच्या उरलेल्या रकमेसाठी, त्रैमासिक हप्ते मागून घ्या.

1992 मध्ये नाबार्डने देशभरात अवघे पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा नोंदणी नसलेल्या बायकांच्या समूहाला तारणाशिवाय पैसे द्यायचे ही कल्पना आमच्या पिढीतील बहुतेकांना वेडगळपणाची वाटली होती. पुढे 1996 मध्ये हे कर्ज अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांनी ठरावीक प्रमाणात कर्ज द्यायलाच हवे अशा क्षेत्रात, आले आणि शाखांना ते करणे भाग पडले. हे सांगण्याचे कारण इतकेच की, त्या वेळी आम्हाला पटवले ते घोषणांनी नव्हे, तर गटांच्या वह्यांनी. आपली वही चांगली दिसते. ती बंद करू नका.

माजी वसुलीदार

सचिवताई, मी चार वर्षे एका मायक्रोफायनान्स कंपनीत काम केले आहे. आपण ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्या ओसरीवर बसलेल्या माणसाच्या जागी मी स्वतः बसलेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गावात दोन्हींना ‘गट’ म्हणतात आणि बराचसा घोटाळा तेथूनच सुरू होतो. कंपनीचा गट म्हणजे संयुक्त दायित्व गट. त्याला पेटी नसते, ठरावाची वही नसते, बचतही नसते. चार-पाच जणींनी एकमेकींच्या हप्त्याची हमी घेतलेली असते, एवढेच. ही रीत आली बांगलादेशातून. मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात लहान कर्जांचा प्रयोग केला आणि 1983 मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली. पण ती बँक होती, तिच्यात बचत होती आणि कर्जदार बायकाच तिच्या भागधारक होत्या. आपल्याकडे हे काम करणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांना ठेवी स्वीकारण्याची मुभाच नाही. त्यामुळे त्या पद्धतीतला हप्ता आणि हमी आपल्या गावात पोहोचली, बचत आणि मालकी तिकडेच राहिली.

आता केंद्रातल्या, म्हणजे कंपनीचे कर्जदार एकत्र हप्ते भरतात त्या, बैठकीचे सांगतो. सकाळी आठला मोटारसायकल लावायची, सतरंजीवर बायका रांगेत बसलेल्या असतात, पासबुकांच्या चळतीवर नोटा ठेवलेल्या असतात. तीस जणींचे हप्ते मोजून झाले आणि एकीचे सहाशे रुपये कमी पडले, तर केंद्र ‘अपूर्ण’ दाखवले जाते आणि त्याचा परिणाम माझ्या महिन्याच्या प्रोत्साहन भत्त्यावर होतो. म्हणून मी उठत नसे. दोनदा मी स्वतःच्या खिशातून पैसे भरून केंद्र पूर्ण केले आणि दोन्ही वेळा ते मला परत मिळाले नाहीत. त्या माणसाचे समर्थन मी करीत नाही. तो का उठत नाही ते कळावे, म्हणून लिहिले. ती बाई आजारी आहे की ऊसतोडीला गेली आहे, याचा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि ज्यांना असतो ते त्या ओसरीवर कधी येत नाहीत.

आपल्या मैत्रिणीच्या चोवीस टक्क्यांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. गटातून 20,000 रुपये घेऊन दरमहा 2,000 रुपये मुद्दल फेडले, तर शेकडा दोन रुपयांनी दहा महिन्यांत एकूण 2,200 रुपये व्याज होते, आणि ते आपल्याच वहीत जमा होते. तिच्या वाट्यालाही त्यातले 183 रुपये येतात. कंपनीकडून 40,000 रुपये त्याच दराने दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 2,115 रुपये पडतो आणि जवळपास 10,750 रुपये व्याज गावाबाहेर जाते. तरीही माझ्या मते खरा फरक पैशांचा नाही. आपल्या गटात ती बाई उभी राहून “या महिन्यात जमणार नाही, पट्टा पडल्यावर देते” असे म्हणू शकते, आणि ज्यांना ती म्हणते त्यांना तिच्या चुलीची परिस्थिती ठाऊक असते. कंपनीत असे म्हणण्याची जागाच नाही. दर सारखा असला, तरी एक हप्ता वाकतो आणि दुसरा वाकत नाही.

ऑपरेशनसाठी कर्ज काढणाऱ्या भगिनीबद्दल मात्र कोणी तिला बोल लावू नये. दवाखान्यात पैसे उद्या सकाळी लागतात; गटाची बैठक महिन्याच्या दहा तारखेला असते. कंपन्या चालतात त्या या वेगावर, आणि कंपनी नसती तर ती बाई खाजगी सावकाराकडे गेली असती.

नियमांविषयी. रिझर्व्ह बँकेची 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेली चौकट बँका आणि कंपन्या अशा सर्वांना बंधनकारक आहे. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म कर्ज मानले जाते, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. महिना बारा हजार मिळवणाऱ्या घराला सहा हजारांवर हप्ते नकोत, आणि त्यात आपल्या गटाचा हप्ताही धरायचा असतो. ऊसतोडीची उचल, म्हणजे मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम, एकदाच हातात येते, तिचे मासिक उत्पन्न काय लिहायचे हे अर्ज भरणारा ठरवतो, आणि गफलत तेथेच होते. कर्जाच्या सर्व खर्चासह वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. ते मागून घ्या. कारण ‘बारा टक्के फ्लॅट’ (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) म्हणून सांगितलेले वर्षभराचे कर्ज घटत्या शिलकीवर मोजले तर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जाते. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड लावता येत नाही.

वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी व्हायची असते. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तेथे आला नाही तरच त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. धमकी, शिवीगाळ, सतत फोन करणे, सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करणे, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास देणे, कर्जदारांची नावे जाहीर करणे या सर्वांना मनाई आहे. चौथीने हमीच्या कागदावर सही केली असेल तर तिचे दायित्व कागदोपत्री असू शकते. पण ती सही म्हणजे रात्री साडेआठपर्यंत तिच्या ओसरीवर ठाण मांडून सासऱ्यांकडून पैसे काढण्याचा परवाना नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, तिची पोच जपून ठेवा, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

एक कळकळीची विनंती अशी की, कोणी “कर्ज माफ होणार आहे, हप्ते भरू नका” असे सांगत आले तर ऐकू नका. नोटाबंदीनंतर विदर्भात तसे वारे सुटले होते. कर्जे काही माफ झाली नाहीत, मात्र थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे पक्की झाली, आणि पुढे पीक येवो न येवो, बँकेत त्या बायकांना दार उघडेना.

प्रेरिका

मी शेजारच्या जिल्ह्यात ‘उमेद’ची प्रेरिका म्हणून काम करते. माझ्याकडच्या गावांतूनही कोयते जातात, त्यामुळे हंगामाबद्दल अनुभवाचे सांगते.

आमच्या एका गटाने तीन वर्षांपूर्वी नियमच बदलला. गाड्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात ‘हंगामाची बैठक’ घ्यायची आणि त्या एकाच बैठकीत पुढच्या सहा महिन्यांचे ठराव करून ठेवायचे. कोणाला किती कर्ज लागेल, आजारपणासाठी किती रक्कम पेटीत राखून ठेवायची, आणि गावात राहणाऱ्यांपैकी कोणत्या तिघींनी मिळून ती द्यायची, हे सर्व त्यात लिहिले जाते. जाणाऱ्या भगिनी सहा महिन्यांची बचत आधी भरत नाहीत, कारण त्या वेळी हातात असते ती मुकादमाची उचल. त्या परत आल्यावर तीन हप्त्यांत भरतात आणि त्यावर दंड घेतला जात नाही. व्याज मात्र चालू राहते. गणपूर्तीसाठी ठरावात असे लिहून घेतले की हंगामात गावात असलेल्या सभासदांच्या दोन तृतीयांश उपस्थितीत बैठक पूर्ण मानावी. पहिल्या वर्षी तालुक्याच्या साहेबांनी याला हरकत घेतली होती. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सर्व गटांच्या संघाच्या, सभेत ठराव वाचून दाखवल्यावर ती मागे घेतली.

आजारपणाच्या रकमेचा मुद्दा वरच्या दादांनी मांडला तो अगदी योग्य आहे. आमच्या पेटीत पाच हजार रुपये नेहमी रोख असतात. पेटी एका घरी आणि किल्ली दुसऱ्या घरी. दोघींपैकी एकीला रात्री उठवले तरी दुसरीला उठवावेच लागते. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला रात्री अकराला तालुक्याला न्यावे लागले, तेव्हा जीपचे भाडे आणि दवाखान्यातले पहिले पैसे याच पेटीतून गेले. ठराव चार दिवसांनी लिहिला. पुस्तकात असे बसत नसेल, पण ती बाई कंपनीकडे गेली नाही.

कंपनीचे कर्ज असलेल्या सभासदाला गटाने कर्ज नाकारू नये असे मला वाटते. नाकारले तर ती खोटे कारण सांगून घेते, जसे आपल्याकडे शेळ्यांचे झाले. आम्ही बैठकीत प्रत्येकीला घरातली सर्व कर्जे आणि त्यांचे हप्ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला सांगतो. पहिल्या वेळी कोणी लिहीत नव्हते. मग अध्यक्षबाईंनी आधी स्वतःचे लिहिले, त्यात तिच्या मुलाच्या मोबाइलचा हप्ताही होता, त्यावर सगळ्या हसल्या आणि मग एकेक जण लिहू लागली. महाग कर्ज आधी बंद करण्यासाठी गटाने कर्ज द्यावे, पण पैसे हातात न देता कंपनीच्या शाखेत दोघींनी जाऊन भरावेत आणि खाते बंद झाल्याचा दाखला वहीला लावावा.

वाटपाऐवजी आम्ही दरवर्षी संक्रांतीला नफ्यातला काही भाग वाटतो, मुद्दल नाही. आपल्याकडे संक्रांतीला सातजणी बाहेर असतील, तर अक्षय्य तृतीयेला वाटा. हातात दोन-तीन हजार रुपये आले की गट आपला वाटतो. जाता जाता, हंगामाला निघण्यापूर्वी प्रत्येकीचा वीस रुपयांचा अपघात विमा चालू आहे का, ते बँकेत जाऊन तपासा. ट्रॅक्टरच्या मागे बसून जाणाऱ्या माणसांसाठी तो दोन लाखांचा आधार असतो.

चौकस मास्तर

वरील सर्व सूचना उपयुक्त आहेत. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. बचत गट असो की कंपनी, कर्ज दिल्याने गरिबी हटते या समजुतीला फारसा आधार नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत मायक्रोफायनान्स पोहोचले तेथे धंद्यातील गुंतवणूक काही प्रमाणात वाढली, परंतु घरखर्च, आरोग्य, मुलांचे शिक्षण किंवा बायकांचे निर्णयस्वातंत्र्य यांत लक्षणीय फरक आढळला नाही. आणि आंध्र प्रदेशात 2010 साली काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे: एकेका घरावर चार-चार कंपन्यांची कर्जे, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारचा अध्यादेश, ज्याने वसुली जवळजवळ ठप्प झाली. ज्या गावाला पाणी नाही, म्हणून अर्धे गाव कोयता घेऊन बाहेर जाते, त्या गावातील बायकांनी दरमहा दोनशे रुपये साठवून परिस्थिती बदलावी अशी अपेक्षा ठेवणे हा जबाबदारी झटकण्याचा प्रकार नव्हे का? शिवाय गावात कोणाची सभा असली की याच गटांना गाड्या पाठवल्या जातात.

प्रेरिका

मास्तर, सभेच्या गाड्यांबद्दल आपले म्हणणे खरे आहे, आणि त्याचा आम्हालाही कंटाळा आला आहे. पाण्याबद्दलही खरे आहे. परंतु सचिवताईंनी गरिबी कशी हटवावी असे विचारलेले नाही. दहा तारखेच्या बैठकीत काय सांगावे असे विचारले आहे. आपण सांगितलेला अभ्यास शहरातील आणि कंपनीच्या कर्जाचा आहे; त्यात पेटी नव्हती. एवढेच.

शाखेतला जुना माणूस

मास्तरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मीही कर्जाच्या उद्दिष्टांसाठी गट ‘तयार’ होताना पाहिले आहेत, आणि ते अनुदान मिळाल्यावर मोडलेही. सहा वर्षे टिकलेला गट त्या जातीचा नाही, म्हणूनच त्याची चिंता वाटते.

गटाची सचिव (बीड जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. हंगाम अजून सुरू व्हायचा असल्याने बाराही जणी हजर होत्या.

काकांनी मांडलेले गणित मी माझ्या मुलाच्या पाटीवर लिहून नेले होते. 15,833 हा आकडा सांगितला तेव्हा सगळ्या खूश झाल्या. मग मी प्रत्येकीच्या नावापुढे तिचे येणे लिहीत गेले. 26,000 वर आले तेव्हा त्या सभासदाने स्वतःच वजाबाकी केली, बराच वेळ पाटीकडे पाहिले, आणि “माझे नाव त्या मागणीतून काढा” असे म्हणाली. जिच्याकडे येणे नाही ती अजून वाटपावर ठाम आहे. तिला गट सोडायचाच असेल तर बँकेचे कर्ज फिटल्यावर तिची बचत आणि व्याजाचा हिस्सा द्यावा, असे ठरले.

शेवटच्या पानावर कर्जे लिहिण्याची सूचना मी केली. अध्यक्षबाई आमच्याकडे फारशा धीट नाहीत, म्हणून मीच माझी आधी लिहिली. आठ जणींनी लिहिली; चौघींनी पुढच्या बैठकीत लिहितो असे सांगितले. ज्यांनी लिहिली त्यांत, मला माहीत असलेल्या चार जणींशिवाय आणखी एकीवर कंपनीचे कर्ज निघाले, आणि ती कंपनी कोणती हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तथ्यपत्रक कोणाकडेच सापडले नाही. वसुलीबद्दलची तक्रार चौथीच्या नावाने लिहून तयार आहे, पण तिच्या सासऱ्यांना ती पाठवावी की नाही याची भीती वाटते, म्हणून ती अजून माझ्याच पिशवीत आहे.

पेटीत पाच हजार रोख ठेवण्याचा ठराव एकमताने झाला. ठेवीबद्दलचा अर्ज सोमवारी शाखेत देणार आहोत आणि त्याबरोबर त्रैमासिक हप्त्यांची विनंतीही करणार आहोत. त्यात एक पेच पडला आहे, तो येथे विचारते. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी असे हप्ते धरले तर एप्रिलचा हप्ता हिशेब झाल्यावर आणि जुलैचा खुरपणीच्या मजुरीतून जमेल. ऑक्टोबरचा मात्र उचलीतून जाईल, आणि जानेवारीत सातजणी कोल्हापूर-सांगलीकडे कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत) असतील, म्हणून तोही निघण्यापूर्वी उचलीतूनच भरून ठेवावा लागेल. उचल म्हणजे मुकादमाचे कर्ज. ते फेडायला सहा महिने ऊस तोडायचा. त्यातून बँकेचा हप्ता भरणे मला बरोबर वाटत नाही, पण वर्षातून दोनच हप्ते बँक मान्य करील का, हे काकांनी सांगितले तर सोमवारच्या अर्जात तसे लिहिता येईल.